साडूंचा ट्रॅक्टर आणि माझी दिपाली

माझे साडू अनिलराव यांच्याकडे ट्रॅक्टर आहे आणि माझ्याकडे सरकारी नोकरी आहे. वरवर पाहता यात मी तक्रार करावी असं काही नाही. नोकरीला पगार आहे, रजा आहे, डोक्यावर पंखा आहे. ट्रॅक्टरला यातलं काहीच नाही. पण चौदा एप्रिलला नोकरी रथ ओढू शकत नाही आणि ट्रॅक्टर ओढू शकतो. माझं सगळं दुःख एवढंच आहे.

आमच्या पालीत जयंतीची मिरवणूक दुपारी चारला विहारापासून निघते आणि गावाला वळसा घालून पुन्हा विहाराशी येते. बाबासाहेबांची मूर्ती ज्या रथात असते तो रथ एरवी एक जुनी ट्रॉली असतो, पण त्या दिवशी त्याला ट्रॉली म्हणायची कुणाची हिंमत नाही. नऊ वर्षं हा रथ अनिलरावांचा ट्रॅक्टर ओढत आला. अनिलराव निळा फेटा बांधून वर बसतात. येणारा-जाणारा आधी मूर्तीला हात जोडतो आणि मग मान वर करून 'जयभीम अनिलराव' म्हणतो. माहेरी आलेल्या लेकी ट्रॅक्टरच्या मडगार्डला टेकून फोटो काढतात. आमच्या सासूबाई सिंधुबाई सरबताचा पहिला ग्लास गर्दीतून वाट काढत वर पोचवतात, तो अनिलरावांना.

मी काय करतो? मी वायरी उचलतो. रथ उंच आणि गावातल्या वायरी खाली लोंबलेल्या, म्हणून रथाच्या पुढे एक माणूस लांब बांबू घेऊन चालतो. बांबूच्या टोकाला बेचकी असते. लाईट बंद केलेली असते. वायर बेचकीत धरून वर ढकलायची, रथ खालून गेला की सोडायची, आणि पुढच्या वायरीकडे पळायचं. नऊ वर्षं मी असा वर बघत चाललो. मिरवणुकीच्या एकाही फोटोत माझा चेहरा नाही. काही फोटोंत हनुवटी आहे. एका फोटोत तर नुसताच बांबू आहे आणि त्याखाली कुणीतरी 'सुंदर नियोजन' असं लिहिलेलं आहे.

मला अनिलरावांचा हेवा वाटतो, हे मी इथंच कबूल करून टाकतो. ते माणूस म्हणून वाईट असते तर माझी मोठी सोय झाली असती. पण ते स्वभावानं गरीब आहेत, आमच्या घरी टंचाईत पाण्याची टाकी आणून देतात आणि वर 'अजून लागली तर सांगा साडूभाऊ' असंही म्हणतात. अशा माणसाचा राग करता येत नाही. मग नुसता हेवाच उरतो, आणि तो जास्त त्रास देतो.

यंदा जानेवारीत जयंती समितीची बैठक झाली. अध्यक्ष आसाराम नाना. अनिलराव सहज म्हणाले, "नाना, यंदा ट्रॅक्टरचं इंजिन उतरवावं लागंल असं दिसतंय. कुनाची दुसरी गाडी असंल तर बघून ठिवा."

नाना एकेकाच्या तोंडाकडं बघू लागले. तेवढ्यात मला एक आवाज ऐकू आला, "माझी गाडी ओढंल रथ."

तो आवाज माझाच होता.

"तुझी?" नाना म्हणाले. "तुझी कंची गाडी बे? ती स्कुटी?"

"घेतोय," मी म्हणालो. "मोठी."

सगळे माझ्याकडे बघू लागले. अनिलरावसुद्धा. ते सुख मी पुरतं पाऊण मिनिट उपभोगलं. त्यानंतर अनिलरावांचा ट्रॅक्टर आठ दिवसांत दुरुस्त होऊन आला, पण त्यांनी मोठेपणानं सांगून टाकलं, "आता साडूभाऊंनी शब्द दिलाय ना, त्येंलाच ओढू द्या." म्हणजे माघार घ्यायची वाटही त्यांनी मोठेपणानं बंद केली.

बायकोला, म्हणजे ज्योत्स्नाला, हे तिच्या धाकट्या बहिणीकडून, म्हणजे अनिलरावांच्या चैतालीकडून कळलं. तिनं माझ्यापुढं ताट ठेवलं आणि विचारलं, "एका दिवसासाठी गाडी?"

"रोज ऑफिसला पण नेईन ना. पाली ते बीड, बीड ते पाली."

"म्हंजे चौदा एप्रिलला रथ वढायचा आन बाकीचे दिवस तुमाला वढायचं. अशी गाडी मिळती का?"

तिनं हे टोमणा म्हणून विचारलं होतं. मी ते मागणीपत्रक म्हणून घेतलं. ट्रॅक्टर परवडत नव्हता आणि ट्रॅक्टरवर बसून ऑफिसला जाणं माझ्या श्रेणीला शोभलं नसतं. मोटार शोभली असती, पण ती रथ ओढणार नाही. राहिली ती जुनी, दणकट, जड कामाची पिकअप. पुढं साहेब, मागं हौदा.

गावात बातमी पसरली आणि सल्ले यायला सुरुवात झाली. जुनी गाडी घेणाऱ्या माणसाला सल्ला देण्यासाठी स्वतःकडे गाडी असावी लागत नाही. गल्लीतले एक गुरुजी म्हणाले, चासी बघा. मी चासी म्हणजे काय ते विचारलं, तर ते म्हणाले, ते तुम्हाला बघितल्यावर कळेल. किराणा दुकानदार म्हणाला, तेलाचा वास घ्या, जळकट आला तर उलट्या पावली परत या. बायनाबाई नावाच्या आमच्या शेजारीण आहेत, त्यांनी आयुष्यात एसटीशिवाय कशात पाय ठेवलेला नाही. त्या म्हणाल्या, "गाडी चालू करून बोनेटवर पान्यानं भरलेला गिलास ठिवा. पानी सांडलं तर घिऊ नका." हा सल्ला कुठून आला माहीत नाही, पण पुढं मी प्रत्येक गाडीपाशी स्टीलचा ग्लास घेऊन उभा राहिलो, आणि विकणारे माझ्याकडे दयेनं बघत राहिले.

सासूबाई राहायला अनिलरावांकडे असतात आणि चहाला आमच्याकडे येतात. चहा पिता पिता त्या अनिलरावांचं कौतुक करतात. त्या म्हणाल्या, "जावईबापू, कावून गाडी गाडी करतावं? अनिलला इचारा. त्याला मशनरीतलं लई कळतं."

अनिलला विचारायचं! मी त्याच दिवशी बीडला पाशाभाईंच्या गॅरेजात गेलो.

पाशाभाई तीस वर्षं जड गाड्यांचं काम करतात. ते कमी बोलतात आणि जे बोलतात ते गाडीखालून बोलतात, त्यामुळे त्यांच्या पायांशी संवाद करायची सवय व्हावी लागते. मी पायांना सांगितलं, रथाचं वजन मूर्तीसकट एवढं, वर माणसं बसतात ती एवढी, गाडी ओढेल का?

"कितना भी वजन बांधो साब, अच्छी गाडी खेंचती," पाय म्हणाले. "मगर एक बात बोलूं..."

"तेवढंच पाहिजे होतं," मी म्हणालो. मला वजनाचं उत्तर मिळालं होतं आणि मी खुश होतो. माणूस खुश असला की पुढचं वाक्य ऐकायला थांबत नाही.

पहिली गाडी पाशाभाईंना घेऊन युसूफ वडगावला बघितली. तिच्यातून शेळ्या बाजाराला नेत असत. इंजिन ठीक होतं, पण शेळ्या उतरल्या तरी वास उतरला नव्हता. मालक म्हणाला, धुतल्यावर जाईल. पाशाभाईंनी त्याला विचारलं, शेवटची कधी धुतली? तो म्हणाला, परवाच. मी रुमाल नाकाला लावून ग्लास ठेवला. पाणी सांडलं नाही, पण आम्ही परत आलो.

दुसरी बीडमध्येच होती. इतकी चकचकीत की मला तिच्यात माझा चेहरा दिसला, फेट्यासकट. मी तिथंच हो म्हणणार होतो. पाशाभाईंनी खिशातून लोहचुंबक काढून दाराला लावलं. ते खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. दारात लोखंड कमी आणि खड्डे बुजवायची लांबी जास्त होती. "पेंट नको देखो साब," ते म्हणाले. "पेंट तो मेरे कूलर कू मारा तो वो भी नवा दिखेंगा."

तिसरी एका भाजीच्या व्यापाऱ्याकडं होती. रंग उडालेला, एक दिवा वायरनं बांधलेला, आणि पुढच्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल अक्षरांत नाव होतं. 'दिपाली'. पाशाभाई खाली गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. मी त्यांचा चेहरा पहिल्यांदाच इतका वेळ बघत होतो.

"ले लो," ते म्हणाले. "हाथी है."

मी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढली आणि हत्ती घेतला.

आता कागद. माझी वीस वर्षं टेबलाच्या आतल्या बाजूला गेली आहेत, त्यामुळे कागद म्हटलं की मला घरच्यासारखं वाटतं. पण टेबलाच्या बाहेरच्या बाजूनं कागद वेगळाच दिसतो. गाडी व्यापाऱ्यानं सहा वर्षं वापरली, पण नावावर केलीच नव्हती. कागदावर मालक होता चकलांब्याचा कुणी माऊली. त्याची सही पाहिजे. मी चकलांब्याला जाऊन सही आणली. आरटीओच्या खिडकीतल्या साहेबांनी ती बघितली, जुनी सही काढून शेजारी ठेवली आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "जुळत नाही."

खरंच जुळत नव्हती. जुन्या सहीत तीन अक्षरं एकमेकांचा हात धरून उभी होती. नव्या सहीत एक मोठी गिरकी, खाली दोन रेघा आणि दोन टिंबं. "तोच माणूस आहे हो," मी म्हणालो. "असेल," साहेब म्हणाले. "सही तो नाही." हेच वाक्य मी स्वतः किती जणांना किती शांतपणे ऐकवलं आहे ते आठवून मला घाम फुटला. मी नियमाला नियम म्हणून मान दिला आणि पुन्हा चकलांब्याला गेलो.

माऊली मधल्या काळात सरपंच झाले होते. सरपंचाला तीन अक्षरांची सही शोभत नाही म्हणून त्यांनी ती बदलली होती. ते मला ओट्यावर बसवून म्हणाले, "आता हात तसा चालतच न्हाई हो. म्या परयत्न केलता." त्यांची मुलगी सातवीत होती. तिनं आपली दुरेघी वही आणली, बापाच्या पुढ्यात ठेवली आणि शेजारी पट्टी घेऊन बसली. "बाबा, मा सरळ काडा. गिरकी नगं." दोन पानं भरली. दर ओळीला शेवटी गिरकी येतच होती आणि ती पोरगी खोडून टाकत होती. तिसऱ्या पानावर जुनी सही उमटली तेव्हा आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या.

माऊलींनी कागदावर सही केली, पण कागद हातातून सोडला नाही. "एक सांगतो. ही दिपाली." त्यांनी पोरीकडं बोट केलं. "ही झाली त्याच साली गाडी घेतलती. काचंवरचं नाव पुसू नका. तेवढा शबूद द्या."

मी शब्द दिला. शब्द देण्यात मी त्या दिवसांत फार उदार होतो.

ज्योत्स्नानं गाडी दारात आल्यावर एक प्रदक्षिणा घातली आणि काचेसमोर थांबली. "ही दिपाली कोन?" मी सगळी हकिकत सांगितली. "सातवीतली पोरगी," ती म्हणाली. "बरं." त्या 'बरं'मध्ये बरं असं काही नव्हतं. चार दिवसांत गावानं गाडीचं बारसं उरकलं. पारावरून मोठ्यानं चौकशी व्हायची, "काय संजयराव, दिपालीला घिऊन निघालावं का?" आणि संध्याकाळी घरी पोचायच्या आत ती चौकशी ज्योत्स्नाच्या कानावर गेलेली असायची.

रोजच्या वापराचा भाग मी दोन शब्दांत उरकतो, कारण तो आठवला तरी कंबर दुखते. जड कामाची गाडी रिकामी चालवली तर ती मागून उड्या मारते. पाशाभाई म्हणाले, मागे वजन टाका. मी वाळूची सहा पोती टाकली. मग लोकांना वाटलं, मी वाळू नेतो. वाटेत कुणी हात करून सिमेंट चढवलं, कुणी कडबा चढवला. एकीनं आपली म्हातारी सासू आणि तिची बाज दोन्ही चढवल्या. ऑफिसच्या फाटकात नवा रखवालदार होता. त्यानं मला, इस्त्रीच्या शर्टातल्या वरिष्ठ लिपिकाला, नीट निरखून बघितलं आणि म्हणाला, "माल मागच्या गेटनं उतरवा."

मी मागच्या गेटनं जाऊ लागलो. अपमान गिळला, कारण डोळ्यांपुढं चौदा एप्रिल होता. रोज सकाळी दिपाली दारातून काढताना अनिलराव समोरच्या ओट्यावर दात घासत उभे असायचे आणि घासणं थांबवून बघायचे. मला वाटायचं, हसत असतील मनातल्या मनात.

चौदा तारीख आली. पाशाभाईंनी मागे आकडा वेल्डिंग करून दिला होता. रथ जोडला, आकड्यात खिळा बसला, दिपालीवर झेंडूच्या माळा चढल्या. मी फिकट पिवळ्या कोसा रंगाची शेरवानी आणि निळा फेटा घालून आत बसलो. काच खाली केली आणि कोपर बाहेर काढलं. "जयभीम संजयराव!" पहिला आवाज आला. मग दुसरा. मग सासूबाई! सरबताचा पहिला ग्लास त्यांनी दाराशी आणून दिला. मी तो पिताना डोळे मिटून घेतले, कारण मला भरून आलं होतं.

डोळे उघडले तर समोर अनिलराव बांबू घेऊन उभे.

कुणीतरी बांबू धरायला हवाच होता, तेव्हा त्यांनी आपणहून घेतला होता. आणि काय घेतला होता! पहिली वायर त्यांनी एका हातानं उचलली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या वायरीला त्यांनी बांबू खांद्यावरून गिरकी देऊन फिरवला आणि ढोल वाजवणाऱ्यांनी त्यावर ठेका धरला. तिसऱ्या वायरीला लोक टाळ्या वाजवत होते. फोटो निघत होते, चेहऱ्यासकट! नऊ वर्षं मी तोच बांबू, त्याच वायरी, त्याच क्रमानं उचलल्या होत्या आणि एका माणसानं कधी 'बरं झालं' म्हटलं नव्हतं. मी शेरवानीत बसून माझ्याच जुन्या कामाचा हेवा करू लागलो. याच्यासारखी वाईट अवस्था दुसरी नसेल.

तोवर माझ्या डाव्या पायाला कंप सुटला होता. मिरवणूक कशी चालते? दहा पावलं जाते, थांबते, नाचते. पाच पावलं जाते, थांबते, कुणीतरी हार घालतं, नाचते. अर्धा क्लच दाबायचा, सोडायचा, दाबायचा. ट्रॅक्टरला मुंगीच्या चालीचा गिअर असतो, तो टाकून अनिलराव वर निवांत बसलेले असायचे. दिपालीचा पहिला गिअरसुद्धा चालणाऱ्या माणसापेक्षा वेगात पळायचा. विहारापासून पारापर्यंत एरवी दोन मिनिटं लागतात. आम्हाला दीड तास लागला. एप्रिलचं ऊन, मागे हत्तीच्या तोलाचा रथ, आणि मी पायाच्या अंगठ्यावर सगळं तोलून धरलेलं.

पाराजवळच्या चढावर जळका वास आला. किराणा दुकानदार गर्दीतून ओरडला, "म्या म्हनलं नव्हतं का, वास घ्या म्हनून!" मग गाडीखालून पांढरा धूर निघाला. तो इतका भरपूर आणि इतक्या वेळेवर निघाला की लोकांना वाटलं, समितीनं यंदा धुराची मशीन आणली आहे. पोरं धुरात शिरून नाचू लागली. नानांनी माईकवरून "लई भारी नियोजन" अशी शाबासकी दिली. मी आतून हात हलवून थांबा थांबा म्हणत होतो आणि लोक मला हात हलवून उत्तर देत होते.

मग दिपाली थांबली. इंजिन चालू होतं, गिअर पडत होता, पण चाकांना त्याची वार्ताच नव्हती.

मी पाशाभाईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, "वास कैसा आरा?" मी वर्णन केलं. "क्लच प्लेट गई," ते म्हणाले. मी चिडून म्हणालो, "तुम्ही तर म्हणाला होता, कितीही वजन ओढेल!" ते शांतपणे म्हणाले, "साब, तुमने पूछा कितना खेंचेगी. कितना आहिस्ता चलेगी, ये कब पूछे? मैं बोलने लगा तो तुम उठ के चले गए."

आता रथ दिपालीपासून सोडवायला हवा होता. चढावरच्या ताणानं आकड्यातला खिळा वाकला होता. हातोडा आणला, पहार आणली, चार जणांनी घाव घातले. खिळा निघेना. रथ आणि दिपाली यांची ताटातूट शक्य नाही, असं नानांनी माईकवरून जाहीर केलं आणि पुढं म्हणाले, "कुनी घाबरू नगा. ट्रॅक्टर येतोय."

ट्रॅक्टर आला तेव्हा गावानं जो जल्लोष केला तो मी इथं लिहीत नाही. माझ्यानं लिहवत नाही. अनिलरावांनी दिपालीच्या पुढं साखळी बांधली, माझ्या खिडकीशी आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "साडूभाऊ, तुमी उतरू नका. फकस्त न्यूटल करा आन स्टेरिंग धरा. बाकी म्या बघतो."

अशी ती मिरवणूक निघाली. पुढं ट्रॅक्टर, मध्ये दिपाली, मागे रथ. ट्रॅक्टर सगळं ओढत होता आणि मी फेटा बांधून, हातात चक्र धरून, काहीही करत नव्हतो. बांबू आता ज्योत्स्नानं घेतला होता. पदर खोचून तिनं वायर उचलली तशा गावातल्या बाया तिच्याभोवती जमल्या, तिच्या नावानं घोषणा झाली, आणि मला माझ्या बायकोचाही हेवा वाटला. उतरून पळून जावं असं मनात आलं, पण चक्र सोडलं असतं तर रथ गटारीत गेला असता. दोन तास मी तसाच बसून राहिलो. हसत. काचेपलीकडून कोणी हात जोडले की मीही जोडायचो आणि घाईनं पुन्हा चक्र धरायचो.

विहाराशी पोचल्यावर मी कुणाशी न बोलता घरी गेलो, फेटा खुंटीला टांगला आणि ज्योत्स्नाला म्हणालो, "गाडी विकून टाकू. येईल त्या भावाला."

"पयल्यांदाच शहान्यासारकं बोललात," ती म्हणाली.

सकाळी चहाच्या वेळी अनिलराव आले. मी मनाची तयारी केली. आता समजूत घालणार, मोठेपणा दाखवणार. पण ते खाटेच्या कडेवर बसले आणि बराच वेळ टाचेनं जमीन उकरत राहिले.

"साडूभाऊ," शेवटी ते म्हणाले, "रागावनार न्हाई तर एक इचारू का? दिपाली मला देता का? क्लचप्लेट म्या टाकून घेतो. तुमी जेवड्याला घेतली तेवडे देतो, वर चार जास्तीचे देतो."

ज्योत्स्ना दारात उभी होती. ती मला डोळ्यांनी, भुवयांनी आणि हातातल्या उलथन्यानंही 'हो म्हणा' असं सांगत होती.

"कावून पण?" मी विचारलं. "तुमच्याकडं ट्रॅक्टर हाय ना."

"ट्रॅक्टरचं काय सांगता! ना टप, ना दारं. ऊन डोक्यावर, धुराळा तोंडावर, बूड भाजून निघतं. नऊ वरसं बसलो. कुनी म्हनलं का कधी, अनिलराव कसे दिसत्यात?" ते खाटेवरून पुढं सरकले. "काल तुमी आत बसलेते, काच खाली करून, कोपर भायेर काडून. चैताली सगळ्या रस्त्यानं मला म्हनत हुती, बघा, दाजी कसे सायबावानी बसलेत. म्या पुढं ट्रॅक्टर हाकीत व्हतो आन आरशातून तुमच्याकडंच बघत व्हतो. रोज सकाळी बघतो. तुमी निघालात की मला तोंड धुवायचं बी सुचत न्हाई."

मी कप खाली ठेवला. अनिलराव माझा हेवा करत होते. माझा! गाडी दारात आल्यापासून! मी रोज मागच्या गेटनं ऑफिसात शिरत होतो तेव्हा इकडं एक माणूस तोंडात ब्रश धरून माझ्यावर जळत होता, आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं. माझ्या पोटात जेवढं गार वाटलं, तेवढं सरबतानंही वाटलं नव्हतं. आणि ही वस्तू आता त्यांना देऊन टाकायची? मग ते तिच्यात बसणार, कोपर बाहेर काढणार, आणि मी पुन्हा ओट्यावरून बघणार?

"नाही हो," मी म्हणालो. "विकायची नाही. तिच्यावर जीव जडलाय."

उलथनं खाली पडल्याचा आवाज झाला.

अनिलराव हिरमुसले. "बगा इचार करून," एवढंच म्हणाले. मी घड्याळ बघितलं. दहा वाजत आले होते, एसटी गेली होती, आणि दिपाली विहारासमोर रथाला जखडून उभी होती. अनिलरावांनी न विचारता आपली मोटारसायकल काढली आणि म्हणाले, "बसा साडूभाऊ, बीडपत्तर सोडतो."

मी डबा मांडीवर घेऊन त्यांच्या मागं बसलो. बीड येईपर्यंत ते माझ्या गाडीबद्दलच विचारत होते.